दहा हजार वर्षांनंतरचा माणूस आणि शेंदूर लावलेला दगड

आमच्या ऑफिसात ‘लाँग टर्म’ म्हणजे पुढचं क्वार्टर. अगदीच दूरदृष्टीचा मॅनेजर असला तर तीन वर्षांचा रोडमॅप, तो पण दर सहा महिन्यांनी बदलतो आणि जुना कुठे सेव्ह केला होता ते कुणालाच सापडत नाही. अशा ठिकाणी दिवसाचे नऊ तास काढणारी बाई रिकाम्या वेळात दहा हजार वर्षांनंतरच्या माणसांचा विचार करते हे ऐकलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, म्हणजे सायन्स फिक्शन वगैरे का? उडत्या गाड्या? नाही हो. उडत्या गाड्यांचं मला काडीचं कौतुक नाही. माझा प्रश्न साधा आहे, की त्या माणसाला आपण आत्ता काय करून ठेवतोय त्याचं काय होणार, आणि त्याला आपलं एक अक्षर तरी कळणार का.

माझे धाकटे दीर स्पष्टवक्ते. ते म्हणाले, “वहिनी, इथे सोसायटीत टँकर वेळेवर येत नाही आणि तुम्हाला दहा हजार वर्षांनंतरच्या लोकांची काळजी!” मुद्दा बिनतोड आहे. त्यावर मी खाली येतेच, पण आधी थोडं फिरून येऊ.

खरं म्हणजे एवढ्या मोठ्या काळाची आपल्याला सवय असायला हवी. घरी सत्यनारायण असो नाहीतर वास्तुशांत, गुरुजी संकल्प सोडताना काय म्हणतात ते एकदा कान देऊन ऐका. श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, प्रथमचरणे... म्हणजे आधी ब्रह्मदेवाच्या आयुष्यात आपण कुठे आहोत ते सांगायचं, मग जंबुद्वीप, मग गोदावरीचा कुठला काठ, आणि मग शेवटी यजमानाचं गोत्र. कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं. कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचं, त्यातली पाच हजारांवर थोडी संपली. म्हणजे परंपरेच्याच हिशोबाने अजून सव्वाचार लाख वर्षं शिल्लक आहेत, आणि हे आपण पळीभर पाणी ताम्हनात सोडता सोडता ऐकतो नि तेवढ्यात डोक्यात चाललेलं असतं की शिऱ्यात साखर बरोबर पडलीय ना. जगात फार कमी लोक रोजच्या पूजेत इतके मोठे आकडे उच्चारत असतील. पण आकडा उच्चारणं वेगळं आणि त्या काळात कुणीतरी उभा आहे असं डोळ्यासमोर आणणं वेगळं. त्या सव्वाचार लाख वर्षांत कोण राहणार, काय खाणार, कुठली भाषा बोलणार, याबद्दल आपण कधी चकार शब्द काढत नाही. सगळं ठरलेलंच आहे, घसरण होणार, शेवटी कल्की येणार, विषय संपला. आकडे आहेत पण त्यात माणसंच नाहीत.

माणसं धरून विचार करणारे लोक मला सापडले ते दुसरीकडेच. पहिला भेटला घराजवळच, नाशकात.

मी मूळची नाशिकची, त्यामुळे पांडवलेणी म्हणजे शाळेची सहल, पायऱ्या आणि माकडं. लेण्यांचा पांडवांशी काडीचाही संबंध नाही हे फार उशिरा कळलं. (लोक विसरले की काय होतं बघा. कुणी खोदलं ते आठवत नाही ना, मग पांडवांनी खोदलं.) तिथल्या दहा नंबरच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले. आणि त्यातला एक लेख म्हणजे चक्क एफडीची पावती आहे. तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, त्याने ‘अक्षयनीवी’ म्हणून ठेवले, म्हणजे मुद्दलाला कधीच हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचं. ते ठेवले कुठे, तर नाशिकजवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यवसाय-संघांकडे. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण व्याजाने. आता हिशोब करा. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला २४०. आणि लेख सांगतो की वर्षावासात म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामात त्या लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी म्हणजे वस्त्रासाठी द्यायचे. वीस बारे २४०! बरोब्बर. जवळजवळ १९०० वर्षांपूर्वीचा हा ताळेबंद पहिल्यांदा स्वतः कागदावर जुळवून बघितला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दाखवला, ती म्हणाली, मॅडम बारा टक्के कुठली बँक देते?

तर हा जो उषवदात आहे त्याने भविष्याची कल्पना केली होती, आणि नुसती हवेत नाही केली. मी मरेन, माझी पोरं देतीलच याचा भरवसा नाही, राजाचा खजिना आज आहे उद्या नाही, मग टिकेल कोण? तर कापड विणणारे. कारण कापड लागणारच. एकाच श्रेणीवर अवलंबून नको म्हणून दोन ठिकाणी पैसे. मग हे सगळं नगराच्या सभेत जाहीर केलं, दप्तरात नोंदवलं आणि वर दगडात कोरलं. एवढ्या पायऱ्या का, तर त्याच्यासमोर असा एक माणूस उभा होता जो उषवदाताला ओळखत नाही आणि ज्याला पैसे द्यायची इच्छा नाही. त्या नकोशा माणसाची कल्पना केल्याशिवाय अशी तजवीज सुचतच नाही.

पुढे काय झालं? फार वर्षं गेली नाहीत, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पार धुव्वा उडवला. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातच जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. सासऱ्याच्या तोंडावरच शिक्का. उषवदात ‘कायमचं’ म्हणाला आणि त्याच्या घराण्याचं राज्य तिथून गेलंसुद्धा. त्या ठेवीचं व्याज किती वर्षं मिळालं देव जाणे. पण गंमत अशी की गौतमीपुत्राचाही लेख त्याच डोंगरावर आहे आणि त्यात तो पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेलं शेत भिक्षूंना देतोय. म्हणजे राजा बदलला, छाप बदलला, भिक्षूंना द्यायची रीत तशीच चालू राहिली. आणि मग तीही कधीतरी थांबली, लिपी वाचता येणारं कुणी उरलं नाही, ते १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा करेपर्यंत डोंगर मुकाच.

दुसरे भेटले ते शिलाहार, कोकणातलं जुनं राजघराणं. ही स्टोरी मला जास्त आवडते कारण त्यात शिव्या आहेत.

गधेगाळ माहितीये ना? कोकणात, ठाण्याकडे, गोव्यात, देशावर पण ठिकठिकाणी सापडतात. उभा दगड, वर चंद्र आणि सूर्य कोरलेले, मधे दानाचा लेख, आणि खाली एक गाढव आणि एक बाई अशा अवस्थेत की सहलीला आलेल्या मुलांना मास्तर पुढे हाकलतात. अर्थ असा की हे दान चंद्रसूर्य असेपर्यंत चालावं आणि जो कुणी मोडेल त्याच्या आईवर... पुढचं चित्रात आहे. मुंबईत परळला सापडलेला अपरादित्य शिलाहाराचा ११८७ चा लेख बघा, सगळा मजकूर संस्कृतात, सभ्य, राजेशाही. आणि शेवटी शिवी द्यायची वेळ आली तेव्हा सरळ मराठीत उतरलाय. का? कारण संस्कृत समजणारा माणूस जमीन ढापायला येणार नाही असं नाही, पण जो नक्की येणार त्याला संस्कृत समजणार नाही! आणि ज्याला मराठीही वाचता येत नाही त्याच्यासाठी गाढव. म्हणजे एकाच दगडात तीन थर: विद्वानाला लेख, गावकऱ्याला शिवी, निरक्षराला चित्र. आणि किती काळ, हे सांगायला चंद्र-सूर्य, कारण शक, संवत असल्या गोष्टी राजाबरोबर बदलतात, आकाशातले ते दोघं बदलत नाहीत. (तसे तेही बदलतात म्हणा. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर लांब जातोय आणि सूर्य सुमारे ५०० कोटी वर्षांनी आटोपणार. पण शिलाहारांना तेवढी मुदत पुरली असती.)

राग एका गोष्टीचा येतो, की जमीन बळकावणार पुरुष आणि गाढवाखाली त्याची आई. आजही भांडण पार्किंगचं असतं आणि आई-बहीण कुणाचीतरी. त्या लेखातलं दान, अधिकारी, गावांची नावं, मापं, यातलं निम्मं आज अभ्यासकांनाही वाद घालून लावावं लागतं. शिवी मात्र आठशे वर्षांनंतर विनाटीप समजते. मराठी माणसाने भविष्याला पाठवलेला सगळ्यात टिकाऊ मेसेज हा आहे, काय बोलणार.

अलिबागजवळ अक्षीचा शिलालेख आहे, शके ९३४ म्हणजे १०१२ सालचा, मराठीतल्या सर्वात जुन्या लेखांपैकी एक. सुरुवातच ‘जगात सुख नांदो’ अशा अर्थाची आहे आणि पुढे देवीच्या बोडणासाठी धान्याची तजवीज. हजार वर्षांपूर्वीच्या कुण्या अधिकाऱ्याला वाटलं की पुढच्या लोकांना पहिलं वाक्य हे ऐकवावं. आणि पुढच्या लोकांनी म्हणजे आपण तो दगड कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला तसाच ऊन-पाऊस खात ठेवला.

माझ्या नणंदेचं घर तिकडेच, रायगड जिल्ह्यात, गावाचं नाव नाही सांगत. तिच्या घरामागे शेतं आहेत आणि एका बांधावर असाच एक दगड उभा आहे, कमरेपर्यंत. मी गेले तेव्हा त्यावर शेंदराचा इतका जाड थर होता की खाली काय कोरलंय ते दिसतच नव्हतं, फक्त वरच्या डाव्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर चंद्रकोर हाताला लागायची. समोर दोन फुटके नारळ, विझलेली उदबत्ती, आणि कुणीतरी बांधलेली ब्लाउजपिसाची हिरवी चिंधी. जवळ एक आजी गवत कापत होत्या. मी विचारलं, आजी, हा कुठला देव? त्या म्हणाल्या, “राखणदार हाय शेताचा. सासूबाई पुजायच्या, म्हणून आमी पुजतो.” नांगर लावताना हलवत नाही का कोणी? तर अशा बघायला लागल्या माझ्याकडे जसं मी देव्हाऱ्यावर पाय ठेवते का विचारलंय. “त्याला कोन हात लावनार?”

मी तिथे बराच वेळ उभी होते. दान कुणी दिलं, कुणाला दिलं, कुणाला आठवत नाही. शिवी शेंदराखाली गाडली गेली. धमकीचा देव झाला. पण दगडाला हात लावायचा नाही, ही एक गोष्ट मात्र अर्थ पूर्ण विसरूनसुद्धा शाबूत राहिली.

आता अमेरिका.

न्यू मेक्सिकोत कार्ल्सबाडजवळ जमिनीखाली साधारण ६५५ मीटरवर मिठाच्या थरात एक साठवण आहे, वेस्ट आयसोलेशन पायलट प्लांट, सगळे ‘विप’ म्हणतात. अण्वस्त्रं बनवताना प्लुटोनियम वगैरे लागलेले हातमोजे, हत्यारं, चिंध्या, गाळ, असला सगळा माल १९९९ पासून तिथे पुरतात. मीठ हळूहळू सरकत त्याच्याभोवती गच्च बसतं. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४ हजार वर्षांच्या थोडं वर, म्हणजे इतक्या वर्षांनी ते फक्त निम्मं होणार. सरकारी नियम म्हणतो किमान १० हजार वर्षांचा विचार करा. मग प्रश्न आला की तोपर्यंत तिथे कुणी खणू नये म्हणून काय पाटी लावायची? आणि यावर खरोखर भाषातज्ज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, चित्रकार, खगोलवाले वगैरे बसवून टीम केल्या, १९९३ मध्ये जाडजूड रिपोर्ट आला. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगनला पण बोलावलं होतं, तो येऊ शकला नाही, त्याने पत्रातून कळवलं की कवटी आणि हाडांची खूण वापरा. आता तुम्ही बालवाडीतल्या पोराला कवटी दाखवा, ते टाळ्या पिटत पायरट म्हणेल आणि वाढदिवसाला तसाच केक मागेल.

त्या रिपोर्टातल्या कल्पना भन्नाट आहेत. मैलभर पसरलेले अक्राळविक्राळ दगडी काटे, वेदनेने पिळवटलेले चेहरे, आणि मजकूर अशा अर्थाचा की ही जागा मानाची नाही, इथे कुणाच्या पराक्रमाची आठवण नाही, इथे मौल्यवान काहीही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषा आणि तिथली स्थानिक नवाहो भाषा. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, दगडावर काही जागा मोकळी सोडायची, म्हणजे पुढच्या लोकांना जुनी भाषा कळेनाशी व्हायच्या आत त्यांनी आपल्या भाषेत तोच इशारा तिथे कोरून ठेवायचा. त्याच्या आधी १९८४ मध्ये थॉमस सेबिओक नावाच्या भाषाचिन्हांच्या अभ्यासकाने सुचवलं होतं की एक ‘अणुपुरोहित’ वर्ग तयार करा, दंतकथा आणि विधी पसरवा, अर्थ विसरला तरी चालेल पण भीती पिढ्यानपिढ्या उरली पाहिजे. त्याच वर्षी बास्तिद आणि फाब्री या दोघांनी म्हटलं की किरणोत्सर्गाजवळ गेल्यावर रंग बदलणाऱ्या मांजरी तयार करा आणि मांजराचा रंग बदलला की पळा, अशी गाणी-म्हणी रचा. लोक हसले. मी पण हसले होते. पण बांधावरच्या आजींना भेटल्यावर सेबिओकचं मला तेवढं हसू येत नाही.

फक्त त्याचा अर्धा भागच बरोबर आहे असं माझं मत. आपल्याकडे हा प्रयोग हजार वर्षं चालूच आहे आणि त्याचा निकाल असा की दगड विचित्र दिसला की आधी शेंदूर लागतो. मग पत्र्याची शेड. मग सभामंडप, आमदार निधीतून. मग जत्रा, आणि जत्रेला येणाऱ्यांची पाण्याची सोय म्हणून देवळाशेजारी बोअरवेल! म्हणजे जिथे खणू नका सांगायला दगड ठेवला तिथेच दोनशे मीटरचं भोक. ते काटेरी जंगल खरंच उभारलं तर पन्नास वर्षांत तिथे सेल्फी पॉइंट आणि भज्यांची गाडी नक्की, दहा हजार वर्षं लागणार नाहीत.

आणि आता ऐका विपचं पुढे काय झालं. फेब्रुवारी २०१४ मध्ये तिथे एक पिंप आतल्या आत तापून फुटलं, किरणोत्सर्गी कण बाहेर आले, जागा जवळजवळ तीन वर्षं बंद. कारण? पिंपातला ओलावा शोषायला मांजराच्या शीसाठी वापरतात ती माती घालतात, आणि लॉस अलामॉसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेत पिंप भरताना मातीच्या ऐवजी गव्हापासून बनवलेली, ‘ऑरगॅनिक’ वाली घातली गेली. तिची आतल्या नायट्रेटशी रासायनिक क्रिया झाली. दहा हजार वर्षांची तयारी करणारी जागा पंधराव्या वर्षी मांजराच्या मातीने बंद पाडली. माझ्या दिरांना हे सांगितलं तेव्हा ते सोफ्यावर आडवे होऊन हसले. “म्हटलं नव्हतं, टँकर आधी!”

बरोबर आहे त्यांचं. आणि नाहीही. कारण मला वाटतं दूरच्या माणसाची कल्पना करण्याचा फायदा हाच आहे की आपण आज कशाकशाच्या भरवशावर जगतोय त्याची यादी हातात येते. पाटी वाचता येईल हा भरवसा. दप्तर सांभाळणारा कुणीतरी असेल हा भरवसा. पिंप भरणारा माणूस योग्य पिशवी उचलेल, हाही. एरवी हे दिसतच नाही, कारण रोज चाललेलं असतं. उद्याच्या क्वार्टरचा विचार करताना समोर आपल्यासारखाच माणूस असतो, त्याला सगळं माहीत असतं, अर्धं बोललं तरी चालतं. दहा हजार वर्षांनंतरच्याला काहीच माहीत नाही. मग आपल्याला पहिल्यापासून सांगावं लागतं, हे काय आहे, का आहे, कुणी केलं, आणि सांगता सांगता लक्षात येतं की अरे, हे आपल्यालाच धड माहीत नाही. टँकरचंच घ्या. आमच्या सोसायटीची बोअर कोरडी का पडली असं विचारत गेलात तर तीस वर्षांपूर्वी कुणीतरी ओढ्यावर स्लॅब टाकला इथपर्यंत पोचाल. त्या माणसाने तीस वर्षं पुढचा विचार केला असता तर आज टँकरच लागला नसता. त्याला पण तेव्हा कुणीतरी म्हणालं असेल, आधी पार्किंगचं बघा.

फिनलंडवाल्यांनी याच प्रश्नाचं वेगळं उत्तर काढलंय. ओल्किलुओतो बेटावर ऑन्कालो नावाची खोल साठवण त्यांनी २००४ पासून खणायला घेतली, जमिनीखाली साधारण ४३० मीटर, खडक सुमारे १९० कोटी वर्षं जुना. वापरलेलं अणुइंधन तांब्याच्या डब्यात, डब्याभोवती बेंटोनाइट मातीचं वेष्टण जे पाणी लागलं की फुगून फटी बंद करतं, आणि शंभरेक वर्षांनी भरून झालं की बोगदे बुजवून टाकायचे. मोजमाप लाख वर्षांचं. आणि तिथे जोरात मांडला गेलेला एक विचार असा की वर खूणच नको. जंगल वाढू दे. जिथे आठवण लागत नाही अशी सोय करा, कारण आठवणीचा भरवसा नाही. मला हे फार प्रामाणिक वाटतं. आपण विसरले जाणार हे धरूनच चालायचं.

याउलट हल्ली ऑक्सफर्डच्या काही तत्त्वज्ञांकडून निघालेला ‘लाँगटर्मिझम’ नावाचा प्रकार आहे, तो मला पटत नाही. पुढे अब्जावधी, खर्वावधी माणसं जन्माला येणार म्हणून त्यांच्या हिताचं पारडं आजच्या गरिबापेक्षा जड, असा त्याचा गणिती सूर निघतो. याच वर्तुळात मोठा दाता म्हणून मिरवणारा क्रिप्टोवाला सॅम बँकमन-फ्राइड नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांचे पैसे बुडवून बसला आणि पुढे २५ वर्षांची शिक्षा झाली. एका माणसावरून विचार खोडता येत नाही, मान्य. पण न जन्मलेल्याच्या नावाने चेक फाडणं सोपं असतं, तो कधी हिशोब मागायला येत नाही. उषवदाताने निदान व्याजाचा दर कोरून ठेवला होता.

मधेच एक आठवलं ते सांगून टाकते. विपच्या त्या टीममध्ये जॉन लॉम्बर्ग नावाचा चित्रकार होता, आणि हाच माणूस १९७७ च्या व्हॉयेजर अवकाशयानांवर परग्रहवासी भेटलेच तर त्यांच्यासाठी ठेवलेल्या सोनेरी तबकडीच्या डिझाइनमध्येही होता. म्हणजे एकाच माणसाने आधी ‘या, आमचं गाणं ऐका’ हे लिहिलं आणि पुढे ‘लांब राहा’ हेही. त्या तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे, आणि गाण्यांमध्ये आपल्या केसरबाई केरकर, भैरवी, साडेतीन मिनिटं. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई, अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, ज्यांना रेकॉर्डिंगचं वावडं होतं, आपला आवाज कुणी डबीत भरावा हे ज्यांना खपत नसे. व्हॉयेजर-१ उडालं ५ सप्टेंबर १९७७ ला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबरला. आता तो आवाज अडीच हजार कोटी किलोमीटरच्या आसपास गेलाय आणि सुमारे ४० हजार वर्षांनी एका दुसऱ्या ताऱ्याच्या जरा जवळून जाणार आहे. ऐकणारं कुणी भेटायची शक्यता जवळपास शून्य. तरी जेव्हा पृथ्वीवरून २७ तुकडे निवडायची वेळ आली तेव्हा निवडणाऱ्यांना भांडावं लागलं की आपल्यात काय चांगलं आहे. ते भांडण इथे, आपल्यासाठी झालं.

विप आणि ऑन्कालो लांबचे झाले म्हणून शेवटी घरचंच. पालघर जिल्ह्यातलं तारापूर, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ पासून. वापरलेल्या इंधनातून उपयोगी भाग काढून घेतल्यावर जो अतितीव्र कचरा उरतो तो काचेत मुरवून, स्टीलच्या डब्यांत भरून, हवेने थंड ठेवत देखरेखीखाली ठेवायची सोय तिथे आहे. काही दशकं थंड होऊ द्यायचं आणि मग कायमचं खोल पुरायचं असा बेत, पण तशी खोल जागा भारतात अजून झालेली नाही. ती कधीतरी होईल. कुठल्या राज्यात, कुठल्या खडकात, ते ठरेल. आणि मग कुठल्यातरी समितीत, चहा-बिस्किटं घेत, हा विषय येणारच की वर काय ठेवायचं.

घरी आम्ही यावर मतदान घेतलं. दिरांचं मत गाढव, कारण तेच एक अजून सगळ्यांना कळतं. नणंद म्हणाली सरळ देऊळच बांधा, पण पुजाऱ्याला नोकरीच्या अटीत लिहून द्या की बोअर मारायची नाही. माझं मत अर्धं फिनलंडला आणि अर्धं उषवदाताला: जागेवर काहीही नको, दगड नको, खांब नको, पण नोंद चार-पाच ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांकडे, आणि प्रत्येक पिढीने ती आपल्या भाषेत पुन्हा उतरवून काढायची अशी अट घालून. ती उतरवून घेणारी विणकरांची श्रेणी आज कुठली, हे मात्र सुचत नाहीये. बँका म्हणाव्यात तर विलीन होतात, विद्यापीठं म्हणावीत तर त्यांना मागच्या वर्षीच्या मार्कशीट सापडत नाहीत. वारकऱ्यांच्या दिंड्या सुचवल्या तर सासूबाई म्हणाल्या, त्यांच्या डोक्यावर आधीच तुळस आहे, अजून हे कशाला.

तुमच्याकडे काही सुचत असेल तर सांगा. अट एकच, शेंदूर लावता येणार नाही असं काहीतरी हवं.